निळ्या उजेडातला भंडारा

छत्रपती संभाजीनगर
१० ऑगस्ट २०२५

मोनिका,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस की तू हे फाडायला घेणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकते. तुझी पानं जिवंत होती. दोन वर्षांपूर्वी मी सगळ्यांसमोर मेलेली म्हणाले, तेव्हाही ती जिवंतच होती. आता फाड हवं तर.

नाही फाडलंस? मग बस आणि वाच.

फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, मेलला उत्तर देत नाहीस. शेवटी परवा कन्नडला गेले, तुमच्या घरी. दारात काकू होत्या. मला बघून म्हणाल्या, "आता काय न्यायचं राहिलं, सुलेखा?" माझं तोंड तुला माहीत आहे, कुणी एक बोललं की मी चार सुनावते. त्या दिवशी उंबऱ्याबाहेर तशीच उभी राहिले. थोड्या वेळानं त्यांनीच चहा आणून पुढ्यात ठेवला आणि म्हणाल्या, पोरगी काय बोलत नाय, तू तरी सांग तुमचं कशावरून फाटलं.

मग मी आपलं यंत्र काकूंना समजावून सांगितलं. म्हटलं, काकू, एका लहानशा बंद डबीत पान ठेवायचं. त्यावर उजेड टाकायचा, काढायचा, टाकायचा, काढायचा, सेकंदाला दोनशे वेळा. तितक्या वेळा पान कणभर तापतं आणि निवतं, त्याच्यालगतची हवा फुगते आणि आकसते, आणि हवा हलली की आवाज होतो. तो डबीतला माईक ऐकतो. जितं पान सगळा उजेड तापण्यात घालवत नाही, थोडा अन्न करायला ठेवून घेतं. म्हणून त्याचा आवाज जरा खाली असतो. मग बाजूनं भगभगीत पांढरा दिवा लावून धरायचा. आता पानाचे हात भरलेले, आणखी काही ठेवून घेता येत नाही, दोनशे वेळा येणाऱ्या उजेडाची सगळी उष्णता होते आणि आवाज चढतो. जितका चढ मोठा, तितकं पान कामाचं. मेलेल्या पानाला पांढरा दिवा लावा नाहीतर सूर्य आणून टांगा, चढ नाही.

काकू म्हणाल्या, "म्हंजे पोट भरलेलं पान वरडतं."

म्हटलं, तसंच.

"मग ह्यात दोघींनी भांडण्यासारखं काय व्हतं?"

काय सांगणार! तू रोज कन्नडच्या पहिल्या गाडीनं अद्रकीची पानं आणायचीस. देठ पाण्यात धरून कापलेली, ओल्या फडक्यात गुंडाळलेली, स्टीलच्या डब्यात. तुला यायला जमलं नाही तर कडूबा कंडक्टर आपल्या सीटखाली ठेवून आणायचा. दसऱ्यापर्यंत पानं छान चढ द्यायची. दसऱ्यानंतर एकाएकी चढ गेला. एक पान नाही, दोन नाही, सगळी. आणि डिसेंबरातल्या बैठकीत मी आपल्या गाइडसमोर, तुपे सरांसमोर, समितीसमोर बोलले, की यंत्र माझ्या हातचं आहे, त्यात खोट नाही, मोनिकाच पानं एसटीत वाळवून आणते. सरांनी नोंदवहीत लिहिलं, 'नमुने अयोग्य हाताळणीमुळे निरुपयोगी.' तू ओरडली नाहीस. डबा उचललास आणि म्हणालीस, "सुले, एकदा तुझं यंत्र धुऊन बघ." मी हसले होते. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

तर यंत्रात दोष होता. तो सापडला. एवढं आज पुरे.

सोबत एक फॉर्म आहे. तुझी पीएच.डी.ची नोंदणी अजून पूर्ण रद्द झालेली नाही, फक्त थांबवलेली आहे. ६ ऑक्टोबरच्या आत तुझी सही आली आणि नोंदवहीतला तो शेरा मागं घेतला गेला, तर ती परत सुरू होते. ६ तारखेनंतर कायमची बंद. शेरा मागं घ्यायला लावणं माझं काम. सही तुझी.

काकूंनी तुझा इंदूरचा पत्ता दिला, पण 'मी दिला म्हणून सांगू नको' म्हणाल्या. सांगितलं.

सुलेखा


२२ ऑगस्ट २०२५

मोनिका,

पोस्टाच्या साइटवर 'वितरित' दिसतंय. म्हणजे पत्र तुझ्या हातात पडलं. फाडलंस की ठेवलंस हे पोस्टखातं सांगत नाही.

न का सांगेना. मला आज इतका आनंद झालाय की कुणाला तरी सांगितल्याशिवाय अन्न गोड लागणार नाही, आणि हे कळणारी जगात तू एकटी आहेस. ऐक.

तुझं म्हणणं आठवतं का? आपण हर्सूल तलावाच्या बांधावर शेंगा खात बसलो होतो तेव्हा म्हणालेलीस, की अद्रकीला सड लागते ती जमिनीत, गड्ड्याला. पान पिवळं पडतं तेव्हा खाली खेळ संपलेला असतो. पण गड्डा बिघडला की पानाला आधी कळत असणार, आपल्याला दिसत नाही एवढंच. ते यंत्राला ऐकू आलं तर? मी म्हटलं होतं, बघू. 'बघू' म्हणजे माझ्या तोंडी 'काहीतरीच' असतं, हे तुला माहीत होतं.

बघितलं. काकूंनी तुमच्या रानातली रोपं गड्ड्यासकट दिली, ती बारा कुंड्यांत लावली. यंत्राची डबी आता बदललीये. चिमट्यासारखी पानाला लावता येते, पान तोडावं लागत नाही, झाडाला असतानाच ऐकते. सहा कुंड्यांत सडक्या गड्ड्याची माती कालवली, सहा चांगल्या ठेवल्या. रोज सकाळी नऊ वाजता एकेक पान ऐकायचं. तीन दिवस बाराही सारख्या. चौथ्या दिवशी त्या सहांतल्या चारांचा चढ उतरायला लागला. पाचव्या दिवशी सहाही अर्ध्यावर. आणि मोने, पानं हिरवीगार! मी भिंग लावून बघितलं, डाग नाही, कोमेजणं नाही. तुपे सर येऊन हात लावून गेले, म्हणाले, तुझं काहीतरी चुकतंय. दहाव्या दिवशी पहिलं पान टोकाला पिवळं पडलं. म्हणजे आपण पाच दिवस पुढं होतो.

पाच दिवस! यंदा पाऊस हटायलाच तयार नाही, कन्नडकडं सरींमध्ये पाणी साचलंय. पाच दिवस आधी कळलं तर माणूस चर काढून पाणी मोडू शकतो, लागलेला तेवढा कोपरा उपटून बाकीचं रान वाचवू शकतो. ही तुझी कल्पना. मी नुसती ऐकणारी.

प्रयोग मी परत पहिल्यापासून लावलाय, नव्या बारा कुंड्यांवर. एकदा आलं ते खरं धरायचं नाही, हेही तुझंच.

आता दोष काय होता ते. तू विचारलं नाहीस, पण मनात विचारलं असशील. डबीच्या कडेला रबराची चकती असते, हवा कोंडायला. तिला आपण ग्रीस लावायचो. त्या ग्रीसमध्ये भंडारा होता. आपला खंडोबाचा, पिवळाधमक हळदीचा भंडारा. बारीक पूड, ग्रीसमध्ये मिसळून गेली होती. काच मी रोज पुसायचे, ग्रीस कोण बघतं? आपला दिवा निळा होता. हळद निळा उजेड पिऊन टाकते. दर झपक्याला भंडारा तापायचा आणि पानापेक्षा मोठा आवाज करायचा. त्याला काही अन्न करायचं नाही, पांढरा दिवा लावला तरी तो तसाच. त्याच्या गलक्यात तुझ्या पानाचा चढ बुडून गेला.

तर हे असं. भंडारा तिथं कसा गेला, कुणास ठाऊक. खंडेनवमीला सगळीकडं पूजा होतच असते.

सुलेखा


३१ ऑगस्ट २०२५

मोनिका,

मागच्या पत्राच्या शेवटी मी खोटं लिहिलं. 

कुणास ठाऊक काय, मला चांगलं ठाऊक आहे. त्या खंडेनवमीला आबा पहिल्यांदा आपल्या प्रयोगशाळेत आले होते. तू सणाला कन्नडलाच थांबली होतीस. आमच्या घरी खंडेनवमीला कातर, कोयता, घोंगडी विणायचा माग, सगळ्यांवर भंडारा पडतो. आबा म्हणाले, तुझं हत्यार हे, ह्याच्यावर पडाय पायजे. सारा जन्म मेंढरांमागं गेलेला माणूस, पोरीच्या यंत्रापुढं हात जोडून उभा होता. मला इतकं भरून आलं होतं की त्या दिवशी मी काहीही होऊ दिलं असतं. भंडारा आबांच्या हातून पडला.

आणि दुसरं. दोष मला या महिन्यात नाही सापडला. तो सापडला फेब्रुवारी २०२४ मध्ये. तू जाऊन दोन महिने झाले होते. निळा दिवा उडाला, पैठण गेटच्या दुकानात निळा मिळाला नाही, म्हणून लाल आणून जोडला. आणि कॉलेजच्या आवारातल्या कण्हेरीच्या पानानं असा चढ दिला की मी खुर्चीवरून उठले. आठवड्यानं निळा मिळाला, तो लावला, चढ गायब. लाल लावला, आला. निळ्याला जे दिसतं आणि लालला दिसत नाही असं काहीतरी पिवळं डबीत आहे, हे कळायला मला दहा मिनिटं लागली. डबी उघडली. चकती काढली. बोटाला पिवळं लागलं.

दीड वर्ष मी गप्प बसले, मोनिका. चकती धुतली, काम पुढं नेलं, यंत्राची वाचनं चांगली यायला लागली आणि सर म्हणायला लागले, बघ, मोनिका गेली आणि काम सुधारलं. मी मान डोलावली. स्वतःला सांगत राहिले की आबांचं नाव येईल, लोक हसतील, मेंढपाळानं भंडारा टाकून यंत्र बिघडवलं म्हणतील. ते हसणं मला सोसलं नसतं. तुझं जाणं सोसलं.

यावर तू पत्र फाडलंस तर मी काही म्हणणार नाही. पण आधी फॉर्म बाजूला काढून ठेव.

सुलेखा


८ सप्टेंबर २०२५

मोनिका,

काल आबांना सांगितलं.

मेंढरं सध्या हर्सूलच्या पलीकडं बसवली आहेत. दुपारी गेले. आई भाकरी करत होती, आबा एका कोकराच्या खुरातला काटा काढत होते. तसेच खाली मान घालून ऐकत राहिले. मी सगळं सांगितलं. भंडारा, निळा दिवा, तू, नोंदवही. मला वाटत होतं, आता ते खचणार, देवाचं नाव घेऊन कपाळ बडवणार. त्यांनी काटा काढला, कोकरू सोडलं, हात पुसले आणि एवढंच विचारलं, "त्या पोरीला ठावं हाय का?"

म्हटलं, पत्रं लिहिलीत.

"तिचं नाव मोडलं लोकांसमोर आन् सांगितलं पत्रात?"

 आबा पुढं काहीतरी बोलणार होते, माझ्याकडं बघितलं आणि थांबले. ते काय बोलणार होते ते मला माहीत होतं. ते बोलले नाहीत म्हणून मीही बोलले नाही. आम्ही बापलेक एकमेकांना असेच सांभाळतो, आणि त्यात तिसरं माणूस भरडलं जातं.

मग म्हणाले, तुझी परीक्षा कवा हाय? मी म्हटलं, पीएच.डी.ची तोंडी परीक्षा १९ तारखेला, कॉलेजच्या मोठ्या हॉलमध्ये, कुणालाही येता येतं. म्हणाले, मी येतो.

तुपे सरांनाही सांगितलं. त्यांचा चेहरा पडला, कारण शेरा त्यांच्या अक्षरात आहे.  मग म्हणाले, सुलेखा, हॉलमध्ये 'तांत्रिक अडचण होती, दूर केली' एवढंच म्हण. बाकीचं नंतर बघू. ते वाईट नाहीत. त्यांना हे टळायला हवं होतं, एवढंच. मला काय हवं होतं ते विचारू नकोस, मलाही तेच हवं होतं.

दुसऱ्या बारा कुंड्या झाल्या. पुन्हा पाच दिवस. एका कुंडीत सहा.

सुलेखा


२० सप्टेंबर २०२५

मोने,

जिंकलो गं!

काकू फोनवर सांगतीलच. त्या पहिल्या रांगेत, आबांच्या शेजारी बसल्या होत्या. पण त्या वाढवून सांगतात आणि मी जसंच्या तसं सांगते, तेव्हा माझं खरं धर.

मी टेबलावर दोन कुंड्या मांडल्या होत्या. दोन्ही हिरव्या, दोन्ही तरतरीत, एकीच्या गड्ड्याला आत सड. कुठली ते फक्त मला माहीत. बाहेरून दोन परीक्षक आले होते, त्यांतल्या बाई वनस्पतिशास्त्राच्या, नाकावर चष्मा, एक सुरकुती हलणार नाही अशा. त्यांना म्हटलं, मॅडम, आजारी कुठली ते सांगा. त्या उठल्या, पानं उलटीपालटी करून बघितली आणि डावीकडं बोट दाखवलं. दुसऱ्यांनीही डावीच. तुपे सरांनाही विचारलं, तेही डावीच म्हणाले. काकूंना विचारलं, ज्यांनी चाळीस वर्षं अद्रक लावली. काकू म्हणाल्या, नुसतं बघून सांगते ती लबाड.

मग यंत्र लावलं. आवाजातला फरक बारीक असतो, कानाला कळत नाही, म्हणून मी सर्किटात तो मोठा करून स्पीकरला जोडला होता. आधी डाव्या कुंडीचं पान. हॉलभर एकसुरी घूं सुरू झाला. पांढरा दिवा लावला, आणि आवाज असा वर चढला की मागच्या रांगेतले मोबाइल खाली ठेवून बघायला लागले. दिवा विझवला, उतरला. परत लावला, परत चढला. आबा बाकावरून पुढं वाकले होते, कोकराच्या छातीला कान लावून बसतात ना, तसे. आणि हळूच म्हणाले, "जितं हाय." सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

मग उजव्या कुंडीचं पान. घूं. पांढरा दिवा. जागचं हललं नाही म्हणावं इतका कमी चढ. मी कुंडी उचलली आणि वर्तमानपत्रावर उपडी केली. मोने, गड्डा असा सडला होता की बोट लावलं तर आत गेलं. वासानं पहिली रांग मागं सरकली. काकू तेवढ्या सरकल्या नाहीत, त्या पुढं आल्या, गड्डा हातात घेतला आणि म्हणाल्या, ह्याला पिवळं पडाया आजून चार दिस लागले आसते. चष्म्याच्या मॅडमनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. आधी त्यांनी, मग सगळ्यांनी. मी तिथं सडक्या हातांनी उभी, आणि मला तू दिसत नव्हतीस.

टाळ्या थांबल्यावर त्याच मॅडमनी जुनी नोंदवही पुढं ओढली. म्हणाल्या, काम उत्तम आहे, पण ऑक्टोबर २०२३ ते डिसेंबर २०२३ या काळात हीच पानं निरुपयोगी लिहिली आहेत. ती कुणी आणली होती, आणि त्यांना काय झालं होतं?

तुपे सरांनी माझ्याकडं बघितलं. 'तांत्रिक अडचण' हे दोन शब्द माझ्या जिभेवर तयार होते. मी म्हटलं, यंत्राच्या डबीत भंडारा गेला होता, आणि पुढचा शब्द येईना.

तेवढ्यात आबा उठले. टोपी काढून हातात धरली. म्हणाले, "भंडारा माझ्या हातानं पडला, सायेब. पोरीचा दोष नाय."

कुणी हसलं नाही. दीड वर्ष ज्या हसण्याला मी भ्याले, ते हसणं आलंच नाही. दोनशे माणसं गप्प बसून एका मेंढपाळाकडं बघत होती, आणि तो माझ्यासाठी खोटं बोलत होता.

खोटंच गं. तुलाही मी तेच लिहिलं होतं. भंडारा आबांच्या हातून पडला, हे खरं. पण त्या दिवशी ते म्हणाले होते, मी आपला बाहेरूनच टाकतो, आत नको, नाजूक दिसतंय. मीच म्हटलं, आबा, बाहेरून काय, खरं हत्यार आत आहे. आणि मीच डबीचं झाकण उघडून त्यांच्यापुढं धरलं. मला दाखवायचं होतं, हे मी केलंय, हे असं उघडतं, असं बंद होतं. हर्सूलला ते हेच बोलता बोलता थांबले होते.

मी म्हटलं, "आबा, खाली बसा. झाकण मी उघडलं होतं."

मग बाकीचं सरळ आलं. म्हटलं, ती पानं मोनिकानं आणली होती, ती पूर्ण जिवंत होती, तिनं मला यंत्र धुवायला सांगितलं होतं आणि मी हसले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये मला हे कळलं आणि आजपर्यंत मी लपवलं. सड आधी ऐकू येईल ही कल्पना तिची आहे. तुम्ही आत्ता टाळ्या वाजवल्यात त्या तिच्या आहेत.

अर्धा तास आम्हाला बाहेर बसवलं. आबा आणि काकू एकमेकांशेजारी चहा पीत होते. आबा काकूंना म्हणाले, बाई, तुमच्या पोरीला आमच्यापायी तरास झाला. काकू म्हणाल्या, व्हय, झाला. आणि आपल्या हातातलं बिस्कीट त्यांना दिलं.

निर्णय सांगते. नोंदवहीतला शेरा खोडला, तुपे सरांनी स्वतःच्या हातानं. वर लिहिलं, 'नमुने उत्तम होते. दोष उपकरणात.' खाली सही आणि तारीख. त्याची झेरॉक्स सोबत आहे, फ्रेम करून लाव. भंडाऱ्याच्या काळातली माझी सगळी वाचनं रद्द, ती मला पुन्हा घ्यायची आहेत, आणि तुला लेखी माफी द्यायची आहे. पदवीची शिफारस झाली. मॅडम जाताना म्हणाल्या, माफी लिहिशील तेव्हा विशेषणं कमी वापर.

म्हणून कमी वापरते. मी चुकले. मी तुझ्यावर आळ घेतला, आणि कळल्यावर तो तुझ्यावर तसाच राहू दिला. मला माफ कर.

शोधनिबंधावर पहिलं नाव तुझं घातलंय. नको असेल तर येऊन खोड. ६ ऑक्टोबरला सोळा दिवस आहेत.

सुलू


१ ऑक्टोबर २०२५, खंडेनवमी

मोने,

हे पत्र इंदूरला पाठवू की कन्नडला, हेच कळत नाहीये.

आज सकाळी आबा आले. प्रयोगशाळेच्या दाराशी चपला काढल्या, पण आत पाऊल टाकलं नाही. चौकटीवर बाहेरून चिमूटभर भंडारा टाकला, मला म्हणाले, आता उघडू नको काय. आणि स्वतःच हसायला लागले. पहिल्यांदा मीही हसले त्यावर.

ते जिना उतरत होते आणि कडूबा कंडक्टर वर येत होता. खाकी सदरा, कानावर पेन, धापा टाकत. त्याच्या हातात स्टीलचा डबा. पोचा आलेलं झाकण असलेला, तोच. म्हणाला, "ताईनं दिलाय. सवता आली व्हती ष्टँडवर, पहिल्या गाडीला."

मी त्याला तीनदा विचारलं, कोण ताई. तो वैतागला. म्हणाला, कितीक ताया पानं पाठवतेत तुम्हाला?

डबा टेबलावर ठेवून मी पाच मिनिटं नुसती बघत बसले. मग उघडला. ओलं फडकं, चारपदरी, जसं तू घालतेस. आत अद्रकीची अकरा पानं, देठासकट, एकही दुमडलेलं नाही. प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी, त्यावर वेळ, ५.४०, ५.४२, ५.४५. आणि तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेला फॉर्म. सही निळ्या पेनानं, रेघेच्या जरा बाहेर गेलेली.

मला रडू येईल वाटलं होतं, पण मी जोरात ओरडले. आबा अर्ध्या जिन्यातून परत वर आले. त्यांना फॉर्म दाखवला. त्यांना वाचता येत नाही, त्यांनी सहीवरून बोट फिरवलं आणि टोपी नीट केली. फॉर्म मी अकरा वाजता कार्यालयात देऊन पोच घेतली. शिक्का बसला.

पानं अजून ऐकलेली नाहीत. कारण फॉर्मच्या घडीत एक चिठ्ठी होती. दोन वर्षांनी तुझं अक्षर बघितलं, बदललेलं नाही, अजून गिचमिड. त्यात दोनच ओळी:

'पानं ताजी आहेत. आधी हात धू.'

धुतले. साबणानं, दोनदा. आबांनी पाणी घातलं. आता डबीचं झाकण उघडून ठेवलंय आणि तुझी वाट बघतेय. पहिलं पान तूच लाव.

सुलू